अंगावरचं दूध चालू असताना एखाद वेळी डब्याचं दिलं तर?

ऑगस्टचा पहिला आठवडा आला की प्राथमिक आरोग्य केंद्रापासून अंगणवाडीपर्यंत स्तनपान सप्ताहाचे फलक लागतात. सहा महिने फक्त आईचं दूध, पाण्याचा थेंबही नको, हे वाक्य आता गावोगावच्या बायकांना पाठ झालं आहे. त्याच गावातल्या मेडिकलच्या फळीवर मात्र दुधाच्या पावडरीचे डबे असतात आणि ते खपतात. या दोन्हींच्या मधे उभ्या असलेल्या बाळंतिणीचा प्रश्न साधा असतो. अंगावरचं बंद करायचं नाही, पण एखाद वेळी डब्याचं पाजलं तर चालेल का?

तिला बहुधा दोनच उत्तरं मिळतात. नर्सबाई म्हणतात, अजिबात नाही. घरची म्हातारी म्हणते, "लेकरू उपाशी मारतं का वो? लाव वरचं दूध." पहिलं उत्तर ऐकून ती लपवून पाजते, दुसरं ऐकून गरज नसताना पाजते. लपवून पाजणाऱ्या बाईला डबा कसा बनवायचा हे कोणी सांगत नाही, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो.

माझं म्हणणं असं आहे: एखाद वेळचा डबा हे विषही नाही आणि टॉनिकही नाही. तो द्यायचा की नाही हे बाळाचं वजन आणि लघवी पाहून ठरवावं. आणि द्यायचाच झाला तर पाणी, प्रमाण आणि आईचं दूध टिकवणं या तीन गोष्टी सांभाळूनच द्यावा. आपल्या विदर्भातल्या खेड्यांत यातलं पाणी हेच सगळ्यात अवघड आहे.

## डब्यात असतं काय

डब्याचं दूध म्हणजे फॉर्म्युला. बहुतेक डब्यांत मूळ गाईचंच दूध असतं. त्यातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला झेपतील इतके कमी करतात, वनस्पती तेलं, लोह आणि जीवनसत्त्वं घालतात आणि त्याची पावडर करतात. बाळाची वाढ होईल इतकं पोषण त्यात असतं, यात शंका नाही.

जे घालता येत नाही ते म्हणजे आईच्या अंगातलं संरक्षण. आईच्या घरात, गोठ्यात, गल्लीत जे जंतू आहेत त्यांच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं तिच्या दुधातून बाळाला मिळतात. जिथे जुलाब आणि न्यूमोनिया अजूनही तान्ह्या लेकरांना गाठतात, तिथे हे संरक्षण फार मोलाचं आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ स्तनपान आणि पुढे दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ वरच्या अन्नासोबत स्तनपान सांगते. निव्वळ स्तनपान म्हणजे आईचं दूध आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेली औषधं, बाकी काही नाही: गुटी नाही, मध नाही, ग्लुकोजचं पाणी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना असं निव्वळ स्तनपान मिळत होतं. म्हणजे तीनातल्या एका बाळाच्या पोटात काहीतरी वरचं जातच होतं. त्या घरांना नुसतं "नको" म्हणून भागत नाही.

दोन प्रकारचं दूध पोटात गेलं की फाटतं, अशी भीती बऱ्याच घरांत असते. ती सोडून द्या. पोटातल्या आम्लाने कुठलंही दूध फाटतंच, आईचंसुद्धा. पचनाची सुरुवातच तशी होते.

## दूध तयार होतं कसं

बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि स्तनात दूध तयार होऊ लागतं. रात्री हे संप्रेरक जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं सोडू नये. दुसरी व्यवस्था स्तनातच असते. दूध साठून राहिलं की नवं दूध बनण्याचा वेग मंदावतो, स्तन रिकामा झाला की वाढतो.

ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. चार दिवस एक वेळची धार चुकली, कासेत दूध तुंबून राहिलं की म्हैस दूध कमी करते, मग कितीही सरकी-ढेप घाला. आईच्या दुधालाही हाच नियम लागू आहे.

डब्याने आईचं दूध आटतं ते असं. संध्याकाळी बाळ रडलं म्हणून डब्याचं पाजलं. ते अंगावरच्या दुधापेक्षा सावकाश पचतं, म्हणून बाळ जास्त वेळ झोपलं. तेवढ्या वेळात आईची एक पाजणी बुडाली, स्तन भरून राहिले, शरीराने समजून घेतलं की इतक्या दुधाची गरज नाही. दोन-चार दिवसांनी दूध खरंच थोडं कमी झालं, बाळ जास्त रडलं, डबा दोनदा झाला. घरच्यांना वाटतं, दूध कमी होतं म्हणून डबा लावला. पुष्कळदा गोष्ट उलटी घडलेली असते.

यावर उपायही याच नियमात आहे. ज्या वेळी बाळ डब्याचं पितं, त्याच वेळी आईने हाताने दूध पिळून काढायचं. त्यामुळे शरीराकडून दुधाची मागणी होतच राहते. एवढी एक गोष्ट पाळली तरी अधूनमधून दिलेला डबा आईच्या दुधाच्या आड फारसा येत नाही.

## पुरतं की नाही, हे ओळखायचं कशावरून

"दूध पुरत नाही तिले," हा निकाल आपल्याकडे रडण्यावरून लागतो. पण बाळ उकाड्याने रडतं, ओल्या लंगोटाने रडतं, पोटात वारा धरला म्हणून रडतं, नुसतं उचलून घ्यावं म्हणूनही रडतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत संध्याकाळी तासातासाला अंगावर मागणारी बाळं कितीतरी असतात. ती अशाने आईचं दूध वाढवून घेत असतात. सहाएक आठवड्यांनी स्तन पूर्वीसारखे ताठ भरून येत नाहीत, मऊ लागतात. ते दूध गरजेइतकं बनू लागल्याचं लक्षण आहे, पण नेमकं तेव्हाच "दूध आटलं" असं घरात ठरतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत तर दूध दिसतच नाही. येतं ते घट्ट, पिवळसर चिकाचं दूध, चमच्या-दोन चमच्यांएवढं. जन्मलेल्या बाळाला पहिल्या दिवशी एका वेळी तेवढंच लागतं. पान्हा भरून येतो तो साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवशी, सिझेरियन असेल तर थोडा उशिरा. या काळात बाळाचं वजन थोडं उतरतं. जन्मवजनाच्या ७ टक्क्यांपर्यंत घट सहसा चालते, १० टक्क्यांच्या जवळ गेली तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. १० ते १४ दिवसांत बाळ पुन्हा जन्मवजनावर यायला हवं.

पुढे दोन गोष्टी मोजा. पहिली लघवी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हावेत आणि लघवी फिकी असावी. सुती लंगोट असेल तर हे मोजणं अगदी सोपं, विकतच्या डायपरमध्ये कळत नाही. दुसरं वजन. पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम, म्हणजे आठवड्याला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम वाढ हवी. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर दूध पुरतंय. मग बाळ कितीही रडो, डब्याची गरज नाही.

वजनासाठी तालुक्याला जायला नको. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते आणि तिच्याकडे वजनकाटा असतो. ही घरी येऊन बाळ पाहण्याची पद्धत विदर्भातच घडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत गावच्याच बायकांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले. तो अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून ही पद्धत देशभर आशांकडे आली. आशाताई वजनाचा आकडा सांगते तेव्हा तो कार्डावर लिहून घ्या. सासूच्या, शेजारणीच्या, कोणाच्याही मतापेक्षा तो आकडा जास्त खरा.

## डब्याची गरज खरंच केव्हा पडते

पडते, हे स्पष्ट सांगायला हवं. बाळंतपणात खूप रक्त गेलं, आईला थायरॉइडचा त्रास आहे, वारेचा तुकडा आत राहिला, स्तनावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली, तर दूध उशिरा किंवा कमी येऊ शकतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं, रक्तातली साखर उतरली, वजन फार घसरलं, कावीळ वाढली आणि बाळ नीट ओढेना, तर डॉक्टर काही दिवस वरचं दूध सांगतात. या प्रसंगी "आईचंच दूध" म्हणून अडून बसणं बाळाच्या जिवाशी खेळणं आहे. आधी पिळून काढलेलं आईचं दूध द्यावं, ते कमी पडलं तरच डबा, हा क्रम मात्र ठेवावा. जिथे दूध पेढी आहे अशा मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या आईचं तपासलेलं दूधही मिळू शकतं. ज्या आईला एचआयव्ही आहे तिने मात्र हा निर्णय एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राला विचारल्याशिवाय घेऊ नये, तिथले नियम वेगळे आहेत.

अशा वेळी प्रमाण थोडंच लागतं. पहिल्या दिवशी एका वेळी २ ते १० मिली, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३०. पहिल्याच दिवशी ६० मिली पाजून बाळ सहा तास झोपलं तर स्तनपानाची सुरुवातच बिघडते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात ४० बाळांवर एक छोटी चाचणी झाली. वजन जास्त उतरलेल्या बाळांना पान्हा येईपर्यंत दर पाजणीनंतर फक्त १० मिली फॉर्म्युला दिला. तीन महिन्यांनी त्या गटात निव्वळ स्तनपान उलट जास्त दिसलं. नंतरच्या मोठ्या चाचणीत तो फायदा दिसला नाही, पण पहिल्या महिन्यात स्तनपानाला धक्काही लागलेला दिसला नाही. यावरून इतकंच म्हणता येतं की मोजून, थोडं, थोडेच दिवस दिलेलं वरचं दूध पहिल्या महिन्यात तरी स्तनपान मोडत नाही.

बाळ सुस्त पडलं, उठवूनही ओढेना, सहा-आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेली, तोंड कोरडं, अंग तापलेलं किंवा गार, असं काही दिसलं तर डबा आणायला मेडिकलला जाऊ नका. १०२ किंवा १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार आणि गाडी सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

## उकळलं की झालं, असं पाणी आपल्याकडे सगळीकडे नाही

डब्याच्या दुधात सगळ्यात जास्त काय असतं तर पाणी. शहरातल्या लेखांत "पाणी उकळून घ्या" एवढंच लिहिलेलं असतं, कारण त्यांच्यापुढे प्रश्न फक्त जंतूंचा असतो. आपल्याकडे प्रश्न क्षारांचाही आहे.

अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरी-बोअरचं पाणी खारं, त्यात डाळ शिजत नाही. असं पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि मीठ तेवढंच राहतं, म्हणजे पाणी आणखी खारट होतं. त्यात पावडर कालवली की पावडरचे क्षार आणि पाण्याचे क्षार एकत्र होतात. तान्ह्या बाळाचं मूत्रपिंड इतकं मीठ बाहेर टाकू शकत नाही. बाळाला तहान लागते, ते रडतं, आणि रडतं म्हणून त्याला पुन्हा तेच पाजलं जातं.

दुसरा क्षार नायट्रेट. शेतातलं खत, गोठ्याचं आणि संडासाचं पाणी झिरपून तो भूजलात जातो. केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासणीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ या जिल्ह्यांतल्या अनेक नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त सापडला आहे. पिण्याच्या पाण्यात ही मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही, चवीलाही कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्तात तो प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतो आणि बाळ निळसर पडू शकतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचं पाणी आहे, त्याचंही तेच: उकळून उपयोग नाही.

आता हेच पाणी आई प्यायली तर? तिचं शरीर ते गाळून घेतं. दुधातल्या क्षारांचं प्रमाण तिच्या विहिरीवर ठरत नाही आणि नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही. खारपाणपट्ट्यातल्या आईचं दूधही गोड्या पाण्याच्या गावातल्या आईसारखंच असतं. मला तर आपल्या भागात स्तनपान जपण्याचं हेच सगळ्यात ठोस कारण वाटतं, आणि फलकांवर ते कधी लिहिलेलं नसतं.

म्हणून डबा द्यायचाच असेल तर आधी पाण्याचं पाहा. ग्रामपंचायतीच्या आरओ केंद्राचं पाणी असेल तर ते आणा आणि तरीही उकळा, कारण कॅन आणि नळ स्वच्छ असतीलच असं नाही. तपासलेली नळयोजना असेल तर तिचं उकळलेलं पाणी चालेल. आपल्या बोअरच्या पाण्याचा अहवाल ग्रामपंचायतीत विचारा, जलसुरक्षकाकडे तो असायला हवा.

## एक डबा किती दिवस जातो

दुसरी चूक प्रमाणाची, आणि तिचं मूळ गरिबीत आहे. एका घरी मी पाहिलं. सासूबाईंनी गरम पाण्याचा पेला भरला, त्यात एकच चमचा पावडर टाकली, निळसर पांढरं पाणी झालं. म्हणाल्या, "पातळ केलं त डबा मयनाभर जाते." नातवासाठी त्यांच्या जिवाची घालमेल चाललेली दिसत होती, पण बाळाच्या पोटात जात होतं ते निम्म्याहून पातळ दूध. पोट भरायचं, वजन हलायचं नाही.

हिशेब करून पाहू. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिली पाण्याला डब्यातलाच एक सपाट चमचा असं लिहिलेलं असतं. चमच्यात साडेचार ग्रॅमच्या आसपास पावडर बसते. म्हणजे ४०० ग्रॅमच्या डब्यात नव्वदेक चमचे आणि जेमतेम पावणेतीन लिटर दूध. साडेचार किलोच्या बाळाला दिवसाला किलोमागे १५० मिली धरलं तर पावणेसातशे मिली लागतं. पूर्ण डब्यावर असलेल्या बाळाला एक डबा चार दिवस पुरतो, महिन्याला सात-आठ डबे. रोजमजुरीच्या घराला हा खर्च झेपत नाही आणि मग पावडर पातळ होऊ लागते. आईचं दूध आटू देऊ नका, असं मी पुन्हा पुन्हा म्हणते ते या हिशेबामुळेही.

पातळ दुधाने बाळ कुपोषित होतं आणि जास्तीच्या पाण्याने रक्तातलं मीठ उतरून झटकेही येऊ शकतात. घट्ट केलं तर उलट: क्षार वाढतात, शौचाला कडक होतं, अंगातलं पाणी कमी होतं. "जरा दाट दे, बाळसं धरेल" हेही चूकच. चमचा शीग लावून भरायचा नाही, दाबायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा.

अधूनमधूनच देणाऱ्यांची अडचण वेगळी. फोडलेला डबा बहुधा तीन-चार आठवड्यांत संपवायचा असतो, डब्यावर लिहिलेलं असतं. पावसाळ्यात पावडर ओल धरते, गुठळ्या होतात. फोडल्याची तारीख झाकणावर लिहा.

## बनवायचं कसं, पाजायचं कशाने

डबा पहिल्या सहा महिन्यांचाच घ्या, त्यावर १ हा आकडा असतो. किराणा दुकानातली चहाची दूध पावडर बाळासाठी नाही. हा घोटाळा होतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

पावडर निर्जंतुक नसते, हे फार जणांना ठाऊक नाही. तिच्यात क्वचित असे जंतू असतात की लहान बाळाला मेंदूचा ताप येऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंश गरम पाण्यात पावडर कालवायला सांगते. पाणी खळखळ उकळून खाली उतरवा, अर्ध्या तासाच्या आत मोजून भांड्यात घ्या, मग पावडर टाका. आधी पाणी, नंतर पावडर, नाहीतर माप चुकतं. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. बाळ दोन महिन्यांच्या आतलं, कमी वजनाचं किंवा लवकर जन्मलेलं असेल तर गरम पाण्याचा नियम सोडू नका. भांडं गार पाण्यात धरून दूध निववा, मनगटावर थेंब टाकून पाहा. दोन तासांत संपवा, उष्टं उरलेलं ओतून द्या. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा तर ताजं करून लगेच पाजणंच बरं.

बाटली नको. तिच्या बुचाच्या आतल्या कडेवर आणि निपलच्या भोकाशी दुधाचा चिकट थर बसतो, नखाने खरवडला तर निघतो, नुसत्या पाण्याने नाही. जुलाबाचं बीज त्यात असतं. वाटी-चमचा किंवा आपलं जुनं चोचीचं बोंडलं घ्या, घासून दहा मिनिटं उकळा. बाळाला आडवं झोपवून ओतायचं नाही. मांडीवर उभट धरा, कड खालच्या ओठाला टेकवा, ते जिभेने ओढून घेईल. बाटलीतून दूध आयतं येतं, मग काही बाळं अंगावर ओढायला कंटाळतात. वाटीने तो धोका कमी होतो.

## "वावरात जा लागते, मंग काय करू?"

हा प्रश्न खरा आहे आणि नोकरदार बाईच्या रजेचा कायदा निंदणाला जाणाऱ्या बाईपर्यंत पोहोचत नाही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, पण तेवढ्यावर सहा महिने घरी बसता येत नाही.

जाण्याआधी पोटभर पाजा आणि दुसऱ्या बाजूचं दूध पिळून स्टीलच्या उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात काढा. हाताने काढायला आशाताई किंवा नर्सबाई शिकवतात: बोटं काळ्या भागाच्या मागे ठेवायची, आधी छातीकडे दाबायचं, मग पिळायचं. खोलीचं तापमान २५ अंशांपर्यंत असेल तर हे दूध चार तास टिकतं. कापूस वेचणीच्या थंडीच्या दिवसांत हे जमतं. पावसाळी निंदणाच्या दमट उकाड्यात त्याहून लवकर वापरा, आणि उन्हाळ्यात ठेवूच नका. शेत जवळ असेल तर दुपारी कोणी बाळ घेऊन यावं किंवा आईने यावं. मालकाने अर्धा तास दिला पाहिजे, हे आपण गावात मोठ्याने म्हणायला हवं.

एवढं करूनही दुपारची एक पाजणी उरली तर तेवढ्यापुरता नीट बनवलेला डबा द्या आणि मनाला लावून घेऊ नका. आईने मात्र वावरात आडोशाला बसून दूध पिळून टाकायचं. नाहीतर स्तनात गाठी होतात, ताप येतो आणि दूध कमी होतं ते वेगळंच. घरी आल्यावर, रात्री आणि पहाटे फक्त अंगावर.

## "आमचे लेकरं गाईच्याच दुधावर वाढले ना वो"

वाढली, आणि काही वाढली नाहीत, त्यांची नावं घरात कोणी घेत नाही. गाई-म्हशीच्या दुधात प्रथिनं आणि क्षार तान्ह्या बाळासाठी जास्त असतात, लोह फार कमी. बाळाच्या कोवळ्या आतड्यांतून त्याने सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो आणि रक्त कमी होतं. पाणी घातलं की क्षार कमी होतात पण ताकदही जाते. शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्वही कमी असतं. सहा महिन्यांच्या आत वरचं द्यावंच लागलं तर फॉर्म्युलाच, आणि तोही डॉक्टरांशी बोलून.

उन्हाळ्यात पाणी पाजायचं का, हाही प्रश्न येतो. नाही. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. जास्त वेळा अंगावर घ्या आणि आईने भरपूर पाणी प्यावं.

## "रात्री डब्याचं दिलं की झोपते"

झोपतं, कारण ते जड. पण रात्रीची पाजणी बुडाली की दूध लवकर कमी होतं, हे वर आलंच आहे. आई थकून गेली असेल तर दिवसा कोणीतरी बाळ सांभाळून तिला दोन तास झोपू द्यावं. हा उपाय घरच्यांच्या हातात आहे.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. सहा महिन्यांपर्यंत दिवस-रात्र निव्वळ अंगावर पाजत असेल आणि पाळी आली नसेल तर दिवस राहण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आसपासच असते. डबा सुरू झाला, पाजण्यात मोठी अंतरं पडली की ही हमी राहत नाही. पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात. तेव्हा डबा सुरू करणाऱ्या बाईने गर्भनिरोधकाचं उपकेंद्रात लगेच विचारावं.

## डबा बंद कसा करायचा

एकदम नको. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर घ्यायचं, आधी अंगावर, मग लागलं तरच डबा. बाळ उघडं करून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं की ते आपणहून ओढायला लागतं. पकड पाहा: तोंड मोठं उघडं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली. दुखत असेल तर पकड चुकली आहे. मग दोन-तीन दिवसांनी डब्याची एक वेळ कमी करा किंवा दर वेळी ३० मिलीने घटवा, आणि आठवड्याला वजन करा. आठवड्याची वाढ दीडशे ग्रॅमवर टिकली तर पुढची वेळ कमी करा. टिकली नाही तर तिथेच थांबा, डॉक्टरांना दाखवा. काही आयांना थोडा डबा सहा महिने चालूच ठेवावा लागतो. त्यांच्या बाळांना मिळणारं अंगावरचं निम्मं दूधही संरक्षण देतंच, म्हणून ते सोडू नये. डिंकाचे, अळिवाचे लाडू आईच्या अंगात ताकद यायला चांगले, पण दूध वाढतं ते ओढण्याने.

सहा महिने पूर्ण झाले की घट्ट वरण-भात, ज्वारीची पेज, कुस्करलेलं केळं सुरू करा आणि अंगावरचं चालू ठेवा. अन्न वाढेल तसा डबा आपोआप मागे पडतो. उरलेला फोडलेला डबा शेजारणीच्या बाळासाठी देऊ नका आणि पुढच्या बाळासाठी जपून ठेवू नका.